विजयालक्ष्मी पंडित: अभ्यासिकेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात धरमपेठेतल्या एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी मी इतिहासाच्या शंका घ्यायला बसते. शाळेतून निवृत्त झाल्यापासूनचा हा उद्योग. काटोल, उमरेड, भंडारा, गडचिरोली, कुठून कुठून आलेली पोरं-पोरी असतात, राज्यसेवेची तयारी करतात आणि 'भारतातील प्रथम महिला' अशी एक यादी तोंडपाठ करतात. त्या यादीत विजयालक्ष्मी पंडित यांना एक ओळ मिळते, तीही बऱ्याचदा चुकीची छापलेली. मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्या बाईंबद्दल एवढंच काऊन सांगतात?" तेव्हापासून पोरांनी विचारलेले प्रश्न मी वहीत लिहून ठेवू लागले. ती वही आता इथे उतरवते आहे.

त्या 'युनोच्या पहिल्या महिला अध्यक्ष' होत्या ना?

असं लिहिलंत तर गुण जातील. संयुक्त राष्ट्रांना अध्यक्ष नसतो, महासचिव असतो. अध्यक्ष असतो तो आमसभेचा, म्हणजे सगळे सदस्य देश बसतात त्या सभेचा, आणि दर अधिवेशनाला तो नव्याने निवडला जातो. विजयालक्ष्मी पंडित १५ सप्टेंबर १९५३ रोजी आमसभेच्या आठव्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून निवडून आल्या. त्या खुर्चीवर बसलेली ती पहिली स्त्री. दुसरी स्त्री यायला १६ वर्षं लागली: १९६९ मध्ये लायबेरियाच्या अँजी ब्रुक्स. पुढे २००६ मध्ये बहारीन, २०१८ मध्ये इक्वाडोर आणि २०२५ मध्ये जर्मनी. एवढ्या दशकांत पाच जणी.

मग त्या नेमक्या कशाकशात 'पहिल्या'?

यादीतल्या चुका आधी खोडून घ्या. भारतातल्या पहिल्या महिला राज्यपाल सरोजिनी नायडू (१९४७, संयुक्त प्रांत). केंद्रातल्या पहिल्या महिला कॅबिनेट मंत्री राजकुमारी अमृत कौर. पहिल्या महिला मुख्यमंत्री सुचेता कृपलानी (१९६३, उत्तर प्रदेश). विजयालक्ष्मी यांच्या वाट्याला येतं ते असं: १९३७ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळात कॅबिनेट दर्जाचं खातं सांभाळणारी पहिली भारतीय स्त्री, स्वतंत्र भारताची पहिली महिला राजदूत, आमसभेची पहिली महिला अध्यक्ष आणि महाराष्ट्राच्या पहिल्या महिला राज्यपाल.

काही ठिकाणी 'जगातील पहिल्या महिला राजदूत' असंही दिसतं. तेही नाही. ज्या सोव्हिएत देशात त्या राजदूत म्हणून गेल्या, त्याच देशाच्या अलेक्झांड्रा कोलोंताय त्यांच्या कितीतरी आधीपासून परराष्ट्र सेवेत वकिलाती सांभाळत होत्या.

त्यांचं शिक्षण किती झालं होतं?

पदवी नाही, कॉलेज नाही, रीतसर शाळासुद्धा नाही. १८ ऑगस्ट १९०० रोजी अलाहाबादला मोतीलाल नेहरूंच्या घरी जन्म. माहेरचं नाव स्वरूपकुमारी, घरात सगळे 'नान' म्हणत. भाऊ जवाहरलाल ११ वर्षांनी मोठा, धाकटी बहीण कृष्णा. मुलाला हॅरो आणि केंब्रिज, मुलींना घरी इंग्रज गव्हर्नेस, असा त्या श्रीमंत घराचा हिशेब होता. पुढे परदेशातली विद्यापीठं त्यांना मानद पदव्या देत राहिली, पण घरातला हा फरक त्यांना आयुष्यभर खटकला.

त्यांचं सासर मराठी होतं म्हणतात. खरं का?

खरं. आणि पंडित हे आडनाव काश्मिरी 'पंडित नेहरू'मधलं नाही, हे नागपुरातसुद्धा शंभरात पाच जणांना ठाऊक असतं. रणजित सीताराम पंडित हे सारस्वत. मूळ गाव कोकणातलं बांबुळी, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं. घराणं काठेवाडात राजकोटला स्थिरावलेलं. रणजित बॅरिस्टर होते, संस्कृतचे जाणकार होते, बऱ्याच भाषा त्यांना येत.

लग्न १० मे १९२१ रोजी अलाहाबादला आनंद भवनात झालं. त्याच्या जेमतेम पाच महिने आधी, डिसेंबर १९२० मध्ये, आपल्या नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरून असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं होतं. ज्या माळावर ते भरलं त्याला आजही आपण काँग्रेस नगर म्हणतो. त्या वाऱ्यात नेहरूंच्या घरचं लग्न आलं, तेव्हा नवरीने काय नेसावं हासुद्धा राजकीय प्रश्न झाला. गांधीजींना खादीच हवी होती. शेवटी कस्तुरबांनी कातलेल्या सुताची साडी आली, ती गुलाबी रंगवून घेतली आणि नवरी बोहल्यावर उभी राहिली.

मुहूर्ताची गंमत वेगळीच. तारीख पंचांगावरून काढली होती, पण १० मे हा १८५७ च्या मेरठच्या उठावाचा दिवस निघाला. त्यात लग्नाच्या निमित्ताने काँग्रेसच्या कार्यसमितीची बैठकही गावातच. एवढे पुढारी ह्याच दिवशी काय म्हणून जमतायत, ह्या धास्तीने अलाहाबादच्या इंग्रज वस्तीची झोप उडाली होती. जवाहरलालांनी आत्मचरित्रात हा किस्सा चवीने सांगितला आहे.

नावाचं म्हणाल तर, आपल्याकडे नवरीचं नाव बदलायची रीत आहे, काश्मिरी घरात ती नव्हती. सासरच्या रिवाजाने स्वरूपकुमारीची विजयालक्ष्मी झाली. म्हणजे जगाने ज्या नावाने तिला ओळखलं ते नाव तांदळाच्या ताटात लिहिलेलं मराठी नाव आहे. (मला स्वतःला ही रीत पटत नाही. माझं नाव मी बदललं नाही, त्यावरून सासूबाई वर्षभर रुसल्या होत्या.)

रणजितरावांची आठवण आता फक्त 'अमुकचे पती' म्हणून निघते, हे बरोबर नाही. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'चं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९३५ मध्ये प्रसिद्ध झालं, त्याला जवाहरलालांची प्रस्तावना आहे. 'मुद्राराक्षस' आणि 'ऋतुसंहार'ही त्यांनी इंग्रजीत नेलं.

लग्नाआधी त्यांचं दुसऱ्याशी ठरलं होतं, असा मेसेज फिरतो. तो?

सय्यद हुसेन हे मोतीलालांनी १९१९ मध्ये काढलेल्या 'इंडिपेंडंट' ह्या वर्तमानपत्राचे संपादक. दोघांचं प्रेम होतं, धर्म वेगळे होते, घरच्यांनी आणि गांधीजींनी विरोध केला, आणि हुसेन देशाबाहेर गेले. पुढे ते अमेरिकेत भारताच्या स्वातंत्र्यासाठी राबले आणि स्वतंत्र भारताचे इजिप्तमधले राजदूत असताना १९४९ मध्ये कैरोत वारले. मेसेजमध्ये ह्यापुढे जो मसाला असतो तो वाचायचा की पुढे ढकलायचा, तुमचं तुम्ही बघा.

तुरुंगात किती वेळा गेल्या?

तीन वेळा. १९३२ मध्ये सविनय कायदेभंगात, नंतर वैयक्तिक सत्याग्रहाच्या काळात, आणि १९४२ मध्ये 'चले जाव'मध्ये. पहिल्या वेळी तीन मुली लहान होत्या: चंद्रलेखा, नयनतारा, रीटा. शेवटच्या वेळी नवराही तुरुंगात, भाऊही तुरुंगात, मोठी मुलगीही तुरुंगात. तुरुंगातल्या दिवसांची त्यांची रोजनिशी पुढे पुस्तकरूपाने आली.

१९३७ मध्ये त्या कोणत्या खात्याच्या मंत्री होत्या?

स्थानिक स्वराज्य आणि सार्वजनिक आरोग्य, संयुक्त प्रांत, गोविंद वल्लभ पंतांचं मंत्रिमंडळ. त्याआधी अलाहाबाद नगरपालिकेत त्यांनी काम केलेलं होतं. म्हणजे नळ, गटार, शाळा ह्यांपासून सुरुवात झाली होती, थेट न्यूयॉर्कपासून नव्हे. १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची सगळी मंत्रिमंडळं बाहेर पडली, त्यात त्याही. १९४६ मध्ये पुन्हा तेच खातं मिळालं.

एक गोष्ट मंत्रिपदापेक्षा महत्त्वाची वाटते. भारतीयांची स्वतःची घटना समिती हवी, अशी मागणी करणारा ठराव संयुक्त प्रांताच्या विधानसभेत १९३७ मध्ये त्यांनी मांडला. नऊ वर्षांनी ती समिती खरोखरच बसली, तेव्हा तिथल्या १५ स्त्री सदस्यांमध्ये त्याही होत्या.

आपल्याकडे तेव्हा अशी कोणी बाई नव्हती का?

होती की! अनसूयाबाई काळे. त्याच १९३७ मध्ये नागपूरला मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधानसभेत त्या उपसभापती झाल्या. १९४२ च्या चिमूर-आष्टीच्या लढ्यात फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. १९५२ आणि १९५७ ला नागपूरच्या खासदार. त्यांच्यावर प्रश्न कधी येत नाही, म्हणून कोणी वाचत नाही. तुम्ही वाचा.

नवरा गेल्यावर त्यांना घराबाहेर काढलं होतं का?

प्रश्न असा तिखट करून विचारतात, पण उत्तर कायद्यात आहे. बरेलीच्या तुरुंगात रणजितरावांची तब्येत ढासळली. सुटका झाली तेव्हा उशीर झालेला होता. १४ जानेवारी १९४४, संक्रांतीचा दिवस, लखनौमध्ये ते गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मुलगा नव्हता, तीन मुली होत्या.

त्या वेळच्या हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेवर मुलींचा वारसाहक्क नव्हता. १९३७ च्या एका कायद्याने विधवेला थोडा आधार दिला होता, पण तो हयातीपुरता आणि मर्यादित. सासरकडून मालमत्तेवर दावा आला. जी बाई कालपरवापर्यंत एका प्रांताची मंत्री होती, महिला परिषदेच्या व्यासपीठावरून स्त्रियांच्या हक्कांवर बोलत होती, तिला स्वतःच्या नवऱ्याच्या कमाईतलं आपलं म्हणता येईना. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. अमेरिकेला निघण्याआधी त्या गांधीजींना भेटायला गेल्या तेव्हा, सासरच्यांशी मनातलं वैर मिटवूनच जा, असं गांधीजींनी सुचवलं. विजयालक्ष्मींनी ते ऐकलं. मला हा सल्ला वाचताना दर वेळी थोडा राग येतो.

नागपुरातल्या पोरांना ह्याचा पुढचा धागा सांगावा लागत नाही. ह्याच अन्यायावर उपाय म्हणून डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल लढवलं, ते अडवलं गेलं आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. बिलाचे तुकडे होऊन त्यातला वारसा कायदा जून १९५६ मध्ये आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपल्या दीक्षाभूमीवर काय झालं ते तुम्हीच मला सांगता. बिल अडवलं गेलं तेव्हा पंतप्रधान ह्याच बाईंचा भाऊ होता, हीही नोंद करून ठेवा.

पासपोर्ट, पैसा, पद काहीच नव्हतं, मग १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला कशा गेल्या?

डिसेंबर १९४४ मध्ये त्या अमेरिकेला पोचल्या, मोठ्या दोन मुली तिथे कॉलेजात शिकत होत्या. जानेवारीत व्हर्जिनियातल्या हॉट स्प्रिंग्जच्या एका परिषदेत बोलल्या आणि मग गावोगाव व्याख्यानं. त्यावर घरही चालायचं आणि स्वातंत्र्याचा प्रचारही.

एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांची सनद ठरवायला सॅन फ्रान्सिस्कोत देश जमले. भारताचं अधिकृत शिष्टमंडळ होतं, पण ते ब्रिटिश सरकारने नेमलेलं, रामस्वामी मुदलियारांच्या नेतृत्वाखाली. विजयालक्ष्मी सभागृहाबाहेर. अमेरिकेतल्या भारतीयांच्या संघटनांनी त्यांना उभं केलं. ही आत बसलेली मंडळी भारताचे प्रतिनिधी नव्हेत, असं त्यांनी पत्रकारांपुढे ठणकावून सांगितलं आणि परिषदेला निवेदन दिलं. आठ वर्षांनी त्याच संस्थेच्या आमसभेत अध्यक्षपदाचा हातोडा त्यांच्या हातात आला.

१९४६ चं दक्षिण आफ्रिका प्रकरण नीट समजावून सांगाल?

हे मला सगळ्यांत आवडतं, म्हणून जरा लांबेल.

१९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने कायदा केला की भारतीय वंशाच्या लोकांनी ठरावीक भागांतच जमीन घ्यायची आणि राहायचं. तिथले भारतीय त्याला 'घेट्टो कायदा' म्हणत. भारत अजून स्वतंत्र झालेला नव्हता, तरी त्याने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेली. हंगामी सरकारने पाठवलेल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी. सोबत मुंबईचे न्यायमूर्ती छागला, कृष्ण मेनन, नवाब अली यावर जंग. शेवटचं नाव लक्षात असू द्या, खाली परत येईल.

समोर होते फील्ड मार्शल यान स्मट्स. मोठा माणूस. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना घडवण्यात त्यांचा हात होता, मानवी हक्कांवरची निष्ठा वगैरे शब्द त्यातच आहेत. आणि स्वतःच्या देशात हा कायदा! त्यांचा बचाव साधा होता: हा आमचा घरगुती मामला आहे, सनदेच्या कलम २(७) प्रमाणे तुम्हाला त्यात नाक खुपसता येणार नाही, फार तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत घ्या. ब्रिटन आणि अमेरिकेचाही कल प्रश्न न्यायालयाकडे ढकलण्याकडे होता. न्यायालयात गेलं की वर्षं जातात, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको.

विजयालक्ष्मी यांनी कायद्याच्या किसापेक्षा प्रश्नाच्या नीतीवर जोर दिला. रंगावरून माणसाला वेगळं ठेवणं हा कोणत्याही देशाचा खासगी मामला असू शकत नाही, हा त्यांचा मुद्दा. ८ डिसेंबर १९४६ ला मतदान झालं: ठरावाच्या बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७.

आता गणित करा. दोन तृतीयांश हवे होते. ३२ आणि १५ मिळून ४७ मतं, त्याचे दोन तृतीयांश ३१.३३, म्हणजे किमान ३२ लागणारच. बरोबर ३२ पडली. एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर ठराव पडला असता. हे गणित फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवतात.

स्मट्स यांच्याशी वैर ठेवू नका, त्यांना भेटून या, असं निघताना गांधीजींनी सांगितलं होतं. मतदानानंतर त्या स्मट्स यांच्या बाकापाशी गेल्या आणि माझ्या बोलण्यात गांधीजींच्या कसोटीला उणं असं काही आलं असेल तर क्षमा करा, म्हणाल्या. म्हाताऱ्याने त्यांना, हा विजय पोकळ ठरेल, असं सांगितल्याचं त्यांच्या आठवणींत आहे. पुढच्या दोन वर्षांत स्मट्स निवडणूक हरले आणि त्यांच्याहून कडवे लोक वर्णभेदाचं धोरण घेऊन सत्तेवर आले. त्या अर्थाने म्हाताऱ्याचं खरं झालं. पण ह्या ठरावापासून दक्षिण आफ्रिकेचा वर्णभेद आमसभेत जो आला, तो व्यवस्था कोसळेपर्यंत कधी विषयपत्रिकेवरून उतरला नाही.

मॉस्कोत स्टालिन त्यांना भेटला का?

एकदाही नाही. ऑगस्ट १९४७ ते १९४९ त्या तिथे होत्या. त्यांच्यानंतर गेलेल्या राधाकृष्णन यांना मात्र भेट मिळाली. त्या काळच्या सोव्हिएत मंडळींना नेहरूंचा भारत अजून ब्रिटिशांच्याच कह्यात वाटत होता.

अमेरिकेत राजदूत असताना काय केलं?

१९४९ ते १९५१. सर्वांत अवघड काम धान्याचं. देशात टंचाई होती, २० लाख टन धान्य मागायचं होतं, आणि त्याच वेळी कोरियाच्या युद्धावर नेहरू अमेरिकेच्या सुरात सूर मिळवत नव्हते. अमेरिकी संसदेत महिनोन्‌महिने कुरबुर चालली. अखेर जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. मागायला जायचं आणि मानही वाकवायची नाही, हे काम सोपं नसतं. रेशनच्या रांगेत उभं राहून वाढलेल्या माझ्या पिढीला ते जास्त कळतं.

१९५३ ची निवडणूक अटीतटीची होती का?

फारशी नाही. थायलंडचे प्रिन्स वान समोर होते. ३७ विरुद्ध २२. तेव्हा सदस्य देशच ६० होते.

अध्यक्षाला मत नसतं. बोलायची पाळी देणं, नियमावर निर्णय देणं, तापलेली सभा थंड करणं ही त्याची कामं. कोरियाचा युद्धविराम होऊन दोन महिनेही झाले नव्हते, युद्धकैद्यांना परत पाठवण्याची जबाबदारी भारताच्या जनरल थिमय्यांवर होती, त्यामुळे भारताच्या प्रत्येक हालचालीकडे दोन्ही गट संशयाने बघत होते. ८ डिसेंबर १९५३ ला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 'शांततेसाठी अणू' हे गाजलेलं भाषण ह्याच सभेत केलं. पुढे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था निघाली ती त्यातून. भाषणाची सुरुवात 'मॅडम प्रेसिडेंट' अशी होती, कारण वर खुर्चीत विजयालक्ष्मी होत्या. तारीखही बघा, ८ डिसेंबर. दक्षिण आफ्रिकेच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर सात वर्षं झाली होती.

आणि नागपूरकरांसाठी एक टीप: त्यांची निवड १५ सप्टेंबरला झाली आणि नागपूर करारावर सह्या झाल्या २८ सप्टेंबर १९५३ ला. वर्ष-महिना एकदम लक्षात राहतो.

हे सगळं भावामुळेच मिळालं ना?

हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा मुलगा असतो. पण प्रश्न चुकीचा नाही, म्हणून टाळत नाही.

मॉस्को, वॉशिंग्टन, लंडन ह्या नेमणुका पंतप्रधानांच्या होत्या आणि पंतप्रधान सख्खा भाऊ. दुसऱ्या कोणाच्या बहिणीला त्या मिळाल्या नसत्या, एवढं सरळ म्हणावं. लंडनला तर १९५४ ते १९६१ अशी सात वर्षं त्या उच्चायुक्त होत्या, सुएझचा पेच त्यातच येतो, शिवाय आयर्लंड आणि स्पेनचं कामही त्यांच्याकडेच. १९३२ चा तुरुंग मात्र भावाने दिला नव्हता. १९३७ ची निवडणूक, १९४६ ची ३२ मतं, १९५३ ची ३७ मतं देणाऱ्यांना नेहरूंकडून काही मिळायचं नव्हतं. दार आडनावाने उघडलं, आतलं काम त्यांचं. माझं मत एवढंच आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

पण ह्या प्रश्नाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. ज्या काळात भारताची एक स्त्री आमसभा चालवत होती, त्याच काळात परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेत आलेल्या सी. बी. मुथम्मा ह्यांना, लग्न केलं तर नोकरी सोडीन, असं लिहून द्यावं लागलं होतं. १९४९ च्या तुकडीच्या त्या, परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या स्त्री अधिकारी. बढती डावलली म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सेवानियमांतल्या ह्या भेदभावावर कडक ताशेरे ओढले. विजयालक्ष्मी राजकीय नेमणुकीने आल्या, मुथम्मा परीक्षेने. तुम्ही परीक्षा देणारी माणसं आहात, तेव्हा दुसरं नावही पाठ ठेवा.

महाराष्ट्राच्या राज्यपाल म्हणून त्यांचा काळ कोणता? विदर्भाशी काही संबंध?

२८ नोव्हेंबर १९६२ ते ऑक्टोबर १९६४. चीनचं युद्ध नुकतंच थांबलं होतं आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते. त्यांच्या जागी मुख्यमंत्री झाले चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार. २४ नोव्हेंबर १९६३ ला ते पदावर असतानाच वारले. काही दिवस बाळासाहेब सावंतांनी कारभार पाहिला आणि ५ डिसेंबरला पुसदचे वसंतराव नाईक आले. म्हणजे त्या राजभवनात असताना राज्याची सूत्रं जवळपास सगळा वेळ विदर्भाच्या माणसाकडे होती.

राज्यपाल असतानाच १९६३ मध्ये त्यांनी आमसभेत पुन्हा एकदा भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व केलं. आणि १९४६ च्या शिष्टमंडळातले ते अली यावर जंग? तेही १९७१ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्या एका शिष्टमंडळातून आपल्याला दोन राज्यपाल मिळाले.

मग नागपुरात सदर भागातल्या राजभवनात त्या राहायच्या का?

महाराष्ट्राच्या राज्यपालांची निवासस्थानं चार: मुंबई, पुणे, महाबळेश्वर आणि नागपूर. मुख्य मुक्काम मुंबईत मलबार हिलला. सदरच्या टेकडीवरचं आपलं राजभवन मध्य प्रांताच्या जमान्यातलं. नागपूर राजधानी होतं तेव्हा तो मुख्य वाडा होता, १९६० नंतर तो अधूनमधून उघडणारा झाला.

ह्यावरून एक पोटप्रश्न ठरलेला असतो, 'हिवाळी अधिवेशनात त्यांचं अभिभाषण झालं का?' राज्यपालांचं अभिभाषण घटनेच्या कलम १७६ प्रमाणे वर्षाच्या पहिल्या अधिवेशनाला होतं, ते मुंबईत. डिसेंबरात मोर्चे, गर्दी आणि संत्र्यांचा भाव वाढवायला जे अधिवेशन आपल्याकडे येतं, त्यात अभिभाषण नसतं.

इंदिरा गांधींशी त्यांचं का बिनसलं?

आत्या-भाचीचं कधीच फारसं जमलं नव्हतं. कमला नेहरूंना आनंद भवनात जी वागणूक मिळाली, तिची सल इंदिराजींच्या मनात होती, असं बहुतेक चरित्रकार मानतात. नेहरू गेल्यावर विजयालक्ष्मी यांनी राज्यपालपद सोडलं आणि भावाच्याच फुलपूर मतदारसंघातून लोकसभेत गेल्या. १९६७ ला पुन्हा निवडून आल्या, १९६८ मध्ये राजीनामा देऊन डेहराडूनला जाऊन राहिल्या.

आणीबाणीत त्या गप्प बसल्या नाहीत. १९७७ च्या निवडणुकीत, वयाच्या ७६ व्या वर्षी, भाचीच्या सरकारविरुद्ध प्रचाराला बाहेर पडल्या. त्या वर्षी राष्ट्रपतिपदासाठी त्यांच्या नावाची चर्चा होती, पण झाले नीलम संजीव रेड्डी. १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. त्याच वर्षी आत्मचरित्र आलं. १ डिसेंबर १९९० रोजी डेहराडूनला निधन.

यवतमाळच्या साहित्य संमेलनात वाद झाला तो त्यांच्याच मुलीवरून?

हो. मधली मुलगी नयनतारा सहगल, इंग्रजीतल्या लेखिका. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं. उद्घाटनाला त्यांना बोलावलं, विरोधाची भाषा झाली आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. इंग्रजीत लिहिणाऱ्या बाईचं मराठी संमेलनात काय काम, असं जे विचारत होते त्यांना तिचे वडील बांबुळीच्या पंडितांपैकी होते, हे बहुधा माहीत नसावं. अनेक लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. शेवटी उद्घाटन झालं ते यवतमाळ जिल्ह्यातल्याच, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते. विजयालक्ष्मी यांचं १९४४ साल वाचलेलं असेल तर हा योगायोग चटकन सुटत नाही.

नाव कसं लिहायचं, विजयलक्ष्मी की विजयालक्ष्मी?

मराठीत दोन्ही दिसतं. मी विजयालक्ष्मी लिहायला सांगते. उत्तरपत्रिकेत कोणतंही एकच धरा, पानागणिक बदलू नका. आणि 'पंडित' मधला 'डि' ऱ्हस्व.